दहा बोटांची निगा

तमिळ पंचांगातला आडी महिना जुलैच्या मध्यावर लागतो. तंजावर परिसरातल्या गावांत आणि शहराच्या जुन्या आळ्यांत या महिन्यात संध्याकाळी एक ओला, किंचित तुरट वास दरवळू लागतो. तो हिरवी पाने वाटल्याचा वास असतो. परसातल्या मेंदीच्या झुडपाची पाने ओरबाडून घरातली वडील बाई ती पाट्यावर घेते, वरवंट्याखाली गुळगुळीत वाटते आणि त्या गोळ्याचा घाणा घेऊन ओसरीवर बसते. मग घरातल्या मुलीबाळी तिच्याभोवती हात पसरून बसतात. तळहाताच्या मध्यावर एक वाटोळा ठिपका, त्याभोवती लहान ठिपक्यांचे कडे, आणि दहाही बोटांच्या टोकांना वाटणाची एकेक टोपी. नक्षी एवढीच. उत्तर हिंदुस्थानातल्या मेंदीसारखी वेलबुट्टी येथे नाही. तमिळ बायका या झाडाला मरुदाणी म्हणतात. तंजावरच्या मराठी घरांना मेंदी आणि मरुदाणी ही दोन्ही नावे आपलीच वाटतात.

एकदा टोप्या चढल्या की हात बांधले जातात. पाणी भरता येत नाही, केस विंचरता येत नाहीत, जेवणाचा घासही दुसऱ्या कोणी तरी भरवावा लागतो. ज्या हातांना वर्षभर उसंत नसते, त्यांना या एका रात्री सक्तीची विश्रांती मिळते. रंगाची हौस तर आहेच; परंतु या चालीतला मोठा लाभ ही विश्रांतीच असावी.

शहरांतल्या सौंदर्यगृहांच्या पाटीवर हल्ली 'मॅनिक्युअर' हा शब्द सर्रास दिसतो. तो लॅटिन भाषेतून आलेला आहे. हात आणि निगा या अर्थाचे दोन शब्द त्यात जोडलेले आहेत. म्हणजे 'हाताची निगा' हे त्याचे अगदी शब्दशः मराठी रूप झाले. शब्द परका वाटतो, पण गोष्ट परकी नाही. चरकाने आपल्या संहितेत सद्‌वृत्त सांगताना पंधरवड्यातून तीन वेळा नखे काढावीत असा नियम घालून दिला आहे. तेव्हा हाताची निगा हा श्रीमंतांचा छंद नसून रोजच्या आचाराचा भाग आहे, हे आपल्याकडे फार पूर्वीच ठरलेले होते. मध्यंतरी तिला पाटी लागली, खुर्ची आली आणि किंमत आली, इतकेच. त्या खुर्चीवर जे होते त्याचा बहुतेक भाग घरी, एका वाटी तेलाच्या खर्चात कसा करावा, हे सांगण्यासाठी तंजावरइतके योग्य गाव दुसरे क्वचितच सापडेल.

याचे कारण असे की, तंजावर हे हातांचे गाव आहे. सतराव्या शतकात, १६७५-७६ च्या सुमारास, शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली, आणि ती १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ साली मराठीत कोरविलेला भोसले घराण्याचा इतिहास आजही उभा आहे. या पावणेदोनशे वर्षांत मराठी, तमिळ आणि तेलुगू या तिन्ही भाषा या गावात एकत्र नांदल्या, आणि त्यांच्याबरोबर कलाही नांदल्या. त्या बहुतेक कला बोटांच्या टोकावर उभ्या आहेत.

तंजावरची वीणा पाहा. फणसाच्या लाकडातून ती कोरतात. तिला २४ पडदे, वाजविण्याच्या ४ आणि तालाच्या ३ अशा ७ तारा. वादक उजव्या हाताच्या तर्जनीने व मध्यमेने तारा छेडतो. जे नखी वापरीत नाहीत ते त्या दोन बोटांची नखे मुद्दाम राखतात. डाव्या हाताची नखे मात्र बोटाच्या मांसाशी भिडवून कापलेली असावी लागतात, कारण ती बोटे तारेवरून ओढली जातात. तार ओढून ओढून बोटांना घट्टे पडतात, म्हणून वादक त्यांना खोबरेल लावतात. एकाच माणसाचे दोन हात, आणि दोहोंच्या नखांना दोन निराळे नियम! नख किती राखावे याचा निर्णय कामावरून करावा, हा पहिला धडा वीणेकडून घ्यावा.

दुसरा धडा नृत्याकडून मिळतो. पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तंजावरच्या दरबाराच्या आश्रयाने सादिर नृत्याची जी पद्धती बांधली, तिच्यावरच आजचे भरतनाट्यम् उभे आहे. त्या नृत्यात नर्तकीची बोटांची टोके लाल रंगविलेली असतात. दिव्यांच्या उजेडात, दूर बसलेल्या प्रेक्षकालाही मुद्रा स्पष्ट दिसावी, हा त्या रंगाचा उपयोग. शोभा आणि उपयोग यांच्यात वैर नसते, हे त्या दहा लाल टोकांवरून ध्यानात येते.

आणि सरफोजीराजे दुसरे यांचे 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक तर सुप्रसिद्धच आहे. कुरवंजी नाट्यातली भटकी कुरत्ती नायिकेचा हात हातात घेते आणि भविष्य सांगते. सरफोजीराजांनी मात्र आपल्या कुरत्तीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. हातावरून माणसाचे भविष्य कळते की नाही, हा वाद बाजूला ठेवू. हातावरून त्याचे वर्तमान मात्र नक्की कळते. पांढुरकी पडलेली नखे रक्तातल्या उणिवेकडे बोट दाखवितात. नख मध्ये खोलगट होऊन चमच्यासारखे वर वळले तर लोह कमी पडत असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी रंग चढविण्याआधी वैद्याकडे जावे. उलट नखावर उमटणारे पांढरे ठिपके पाहून 'चुना कमी पडला' म्हणून जी घबराट होते ती बहुतेक वेळा व्यर्थ असते. नखाच्या मुळाशी कधी तरी लागलेल्या बारीकशा माराची ती खूण असते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. साहित्य फार नाही. नखे कापण्याचे एक चांगले साधन, एक बारीक कानस, कोमट पाण्याचे भांडे, मऊ फडके, आणि वाटीत थोडे तिळाचे किंवा खोबरेल तेल. पूर्वी न्हावी नराणी घेऊन दारी येई आणि साऱ्या आळीची नखे त्याच एका नराणीने काढी. ती चाल मागे पडली हे बरेच झाले. नखाच्या कडेला बारीक जखम होते, रक्ताचा सूक्ष्म अंश पात्याला लागतो, आणि काविळीचा एक दुर्धर प्रकार किंवा नखांची बुरशी त्या पात्यावरून दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणून शक्य तर घरातल्या प्रत्येकाचे साधन वेगळे असावे. ते शक्य नसेल तर प्रत्येकाच्या वापरानंतर ते साबणाने धुऊन पाण्यात चांगले उकळावे. ही काळजी घरी फुकट घेता येते. बाहेर मात्र ती घेतली जाते की नाही, हे पैसे देऊनही कळत नाही.

नखे कापण्याची उत्तम वेळ स्नानानंतरची. पाण्याने नख मऊ झालेले असते, ते तडकत नाही. स्नानानंतर जमले नाही तर हात पाच मिनिटे कोमट पाण्यात बुडवून ठेवावे. त्याहून अधिक वेळ नको, कारण फार भिजलेले नख फुगते आणि त्याचे पापुद्रे सुटतात. रात्री नखे काढू नयेत असे तमिळ आणि मराठी दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्या बजावतात. दोष-अदोष काहीही असो. समईच्या उजेडात पाते बोटात रुतण्याचा धोका होता, आणि कापलेले तुकडे सांडून जेवणात जाण्याचाही. नख सरळ कापावे आणि कोपरे फक्त किंचित गोल करावे. कोपऱ्यात खोल शिरून कापले की नख मांसात वाढते आणि ठणका लागतो. कानस नख कोरडे झाल्यावर लावावी, आणि कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने. करवतीसारखी पुढे-मागे ओढली तर नखाचे थर उकलतात.

आता सर्वांत मोठ्या चुकीकडे यावयाचे. नखाच्या मुळाशी कातडीची एक बारीक पट्टी नखाला चिकटलेली असते. ती दिसावयास बरी नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी कात्रीने साफ काढून टाकतात. वास्तविक ती पट्टी म्हणजे दाराच्या फटीत बसविलेली चिंधी आहे. पाणी, चिखल आणि जंतू नखाच्या मुळापर्यंत पोहोचू नयेत यासाठी निसर्गाने ती तेथे बसविलेली आहे. ती कापली की दार उघडे पडते आणि काही दिवसांत बोट लाल होऊन सुजते. याच दुखण्याला मराठीत नखुरडे म्हणतात. तेव्हा ती पट्टी कापू नये. तेलाचा थेंब लावून, मऊ फडक्याने हलकेच मागे सारावी, तेवढे पुरते. बोटाच्या कडेला निघालेले कातड्याचे सालपट दातांनी किंवा चिमटीने ओढू नये. सुटलेले टोक तेवढे कापून टाकावे.

मग तेल. या बाबतीत तंजावरने शिकविण्यासारखे पुष्कळ आहे. तिळाच्या तेलाने अभ्यंग करण्याचा परिपाठ तमिळ घरांत आजही आढळतो, आणि दिवाळीच्या पहाटेचे तैलस्नान तर तेथील मराठी घरांनाही आपलेच आहे. अभ्यंग करताना उरलेले तेल बोटांच्या टोकांना आणि नखांच्या मुळांना चोळले की वेगळा खर्च करावा लागत नाही. नख हे मृत द्रव्याचे बनलेले असते, ते तेल खाऊन वाढत नाही. परंतु तेलाचा पातळ थर त्यातला ओलावा टिकवितो, आणि कोरडेपणाने नख चिरण्याचे थांबते. शेवटी चिमूटभर बेसन दुधात किंवा दह्यात कालवून हातांना लावावे आणि धुऊन टाकावे. हळद घालावयाची तर जपून, कारण तिचा पिवळेपणा नखांवर काही दिवस राहतो. लिंबाची फोड नखांवर चोळण्याचा सल्ला पुष्कळ जणी देतात. तिने डाग निघतात हे खरे, पण नख कोरडे पडते, आणि लिंबाचा रस लागलेल्या हातांनी उन्हात बसले तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. लिंबू वापरलेच तर हात लगेच धुवावे.

आता रंगाकडे. नखे रंगविण्याच्या परदेशी बाटल्या आपल्याकडे येत होत्याच. १९५२ साली टाटा उद्योगसमूहाने लॅक्मे सुरू केले तेव्हा देशी प्रसाधनांचा एक नवा काळ आला. बाटलीतला रंग नखावर बसतो आणि काही दिवसांत टवके उडून जातो. तो काढण्याचे द्रव नखाचा ओलावा ओढून घेते. मेंदीची रीत याहून निराळी आहे. तिच्या पानात लॉसोन नावाचे एक रंगद्रव्य दडलेले असते. पान वाटले की ते मोकळे होते आणि कातडीतल्या व नखातल्या केराटिन या द्रव्याशी जोडले जाते. म्हणूनच तळहातावर, जेथे कातडी जाड, तेथे रंग गडद, आणि हाताच्या पाठीवर फिका. वाटणात कोणी चिंचेचा कोळ घालते, कोणी लिंबाचा रस. आंबटपणाने रंग खुलतो हा अनुभव रसायनशास्त्रालाही मान्य आहे. वाटण निदान चार-सहा तास, शक्य तर रात्रभर ठेवावे. सकाळी ते खरवडून काढावे, आणि त्या दिवशी साबण लावण्याची घाई करू नये. पहिल्यांदा रंग नारिंगी दिसतो. हवा लागून तो एक-दोन दिवसांत लालबुंद होतो.

कातडीवरचा रंग आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, कारण कातडीच झडून नवी येते. नखावरचा रंग मात्र जात नाही. तो नखाबरोबर पुढे सरकतो. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. आडी महिन्यात रंगविलेल्या बोटावर श्रावण सरता सरता मुळाशी पांढरी कोर दिसू लागते, आणि दिवाळीच्या सुमारास रंग उरतो तो टोकाशी, तांबड्या चंद्रकोरीएवढा. सणांमधले अंतर मोजणारे असे पंचांग दुसरे कोणते असेल? एक व्यवहाराची गोष्ट मात्र येथेच सांगून टाकावी. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर निदान एक-दोन बोटे बिनरंगाची ठेवावी. रक्तातला प्राणवायू मोजणारे यंत्र बोटाच्या टोकाला लावतात, आणि गडद रंगाने त्याच्या मापात फरक पडू शकतो.

आणि एक इशारा, जो कितीही वेळा दिला तरी थोडाच. बाजारात आणि जत्रांत 'काळी मेंदी' म्हणून एक वस्तू मिळते; अर्ध्या तासात काळाभोर रंग चढतो, म्हणून तिची मोहिनी मोठी. मेंदीचा रंग कधीही काळा नसतो आणि तो कधीही अर्ध्या तासात चढत नाही. काळेपणा येतो तो बहुधा केसांच्या कलपातल्या पॅराफेनिलीनडायमीन या द्रव्यामुळे. त्याने हातावर फोड उठतात, नक्षीच्या रेषेरेषेवर व्रण राहतात. आणि याहून वाईट म्हणजे एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे आयुष्यभर केसांना कलप लावणेही धोक्याचे ठरते. लग्नघरी हौसेने बसलेल्या लहान मुलींच्या हाती ही वस्तू पडू देऊ नये. तान्ह्या बाळाच्या अंगाला तर खरी मेंदीही लावू नये. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते आणि मेंदीने त्यांच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. घरच्या झुडपाची पाने आणि घरचा पाटा यांच्यावर विसंबण्यात काटकसर आहे, तशीच सुरक्षितताही आहे.

येथवर ज्या हातांचे वर्णन झाले ते घरातले हात. पण तंजावर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाचा गाभा, तमिळनाडूचे भाताचे कोठार. मेट्टूरच्या धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याचा परिपाठ आहे. पाणी कमी असले तर तारीख पुढे जाते. पाणी आले की खाचरे भरतात, आणि लावणीसाठी बायका रांगेने चिखलात उभ्या राहतात. यंत्रे आली आहेत, तरी हाताने लावणी अजून होते. तासन्‌तास बोटे चिखलपाण्यात. अशा हातांच्या नखांची मुळे पांढुरकी होऊन सुटतात, नखुरडी होतात, बुरशी धरते. भांडी घासणाऱ्या, धुणे धुणाऱ्या, मासळी सोलणाऱ्या बाईचे दुखणे हेच. ती तंजावरची असो की ठाण्याची, रत्नागिरीची असो की इंदूरची. हातांच्या निगेची खरी गरज हिला आहे, आणि निगेचा विचार करताना तिचेच नाव सर्वांत शेवटी निघते.

तिच्यासाठी नियम तीनच. काम संपल्यावर हात स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह अगदी कोरडे पुसावे, कारण बुरशीला ओल हवी असते. निजण्यापूर्वी नखांच्या मुळांना तेल लावावे. आणि बोट सुजून ठणकू लागले, पू दिसू लागला, तर सुईने न फोडता दवाखाना गाठावा. मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नये. तीनही नियमांना मिळून खर्च येतो तो चमचाभर तेलाचा. पण त्याला पाच मिनिटे लागतात, आणि या बाईला तेलापेक्षा ती पाच मिनिटेच महाग पडतात. ती तिला मिळवून देणे हे घरातल्या इतरांचे काम आहे. मेंदीच्या रात्री घास भरविणारे हात घरात सापडतात. मग लावणीच्या महिन्यात भांडी विसळणारे का सापडू नयेत?

शेवटी आणखी एका हाताची आठवण ठेवणे जरूर आहे. ज्या ओसरीवर मेंदीचे वाटण घेऊन वडील बाई बसते, तिथेच एका कोपऱ्यात पूर्वी एखादी बाई हात आखडून बसलेली असे. नवरा गेला म्हणून तिला कुंकू नव्हते, फुले नव्हती, मेंदीही नव्हती. पुष्कळदा पाने खुडणारी आणि वाटणारी तीच असे; वाटताना बोटे रंगत, ती तेवढी तिच्या वाट्याला येत, आणि तीही ती घाईघाईने धुऊन टाकी. ही रूढी तंजावरची एकट्याची नव्हे. महाराष्ट्रातही ती होती, आणि ती पुरती गेली असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकणार नाही.

पण मेंदीचे पान हा भेद जाणत नाही. लॉसोन ज्या केराटिनला चिकटते ते सुवासिनीच्या नखात असते तसेच विधवेच्या नखातही असते. चिखलात उभ्या असलेल्या मजूर बाईच्या नखातही असते, आणि वीणेच्या तारा छेडणाऱ्या पुरुषाच्या नखातही. हात कामाला सर्वांचेच लागतात. तेव्हा त्यांच्या निगेचा हक्कही सर्वांचाच असला पाहिजे. तंजावरच्या पुष्कळ घरांत आता आजीच्या बोटांना नात टोप्या चढविते, आणि आजी आधी 'नको ग' म्हणते, मग हात पुढे करते. सकाळी वाटण खरवडून ती आपली दहा बोटे खिडकीच्या उजेडात धरून पाहते. त्या बोटांचा रंग नातीच्या बोटांहून तसूभरही फिका नसतो.